सरकारी दवाखान्याचा पैसा आणि गावाचा डोळा



आज मी तुमच्याशी पैशाविषयी बोलणार आहे. तुमच्या-माझ्या खिशातल्या नव्हे, सरकारी दवाखान्याच्या पैशाविषयी. विषय तसा रुक्ष. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, आणि अंदाजपत्रकावरच्या माझ्या तासाला मागच्या बाकांवर किती जांभया येतात हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून आकडे जरा बाजूला ठेवतो आणि माझ्या आत्यापासून सुरुवात करतो.

आत्या खेड्यात राहते, माझ्या आतेभावाकडे. वय सत्तरीच्या पुढे. तिला रक्तदाबाचा विकार आहे. गावापासून दोन कोसांवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथून तिला गोळ्या मिळत. चांगले चालले होते. मग एका उन्हाळ्यात गोळ्या मिळेनाशा झाल्या. "स्टॉक नाही, बाहेरून घ्या," असे उत्तर. बाहेरून घेणे म्हणजे तालुक्याला जाणे, एसटीचे भाडे, आणि वर गोळ्यांचे पैसे. आतेभावाची जिरायती जमीन, वर्ष पडलेले. आत्याने कोणाला काही न सांगता आपल्यापुरता तोडगा काढला. दिवाळीत मी भेटायला गेलो तेव्हा गप्पांच्या ओघात सहज बोलून गेली, "अरे, मी एक दिवसाआड घेते. पुरवून पुरवून." मी रागावलो. ती हसली. पौष महिन्यात एके दिवशी सकाळी चुलीपुढे बसली असता तिचा डावा हात उचलेना.

आत्या वाचली. हात पुरता सुधारला नाही. पण मला आज सांगायचे आहे ते त्यापुढचे. नंतर काही महिन्यांनी आतेभावाने चौकशी केली तेव्हा कळले की त्याच आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या बँक खात्यात त्या सबंध काळात पैसे पडून होते. औषधांचा तुटवडा असेल तेव्हा समितीने ठराव करून गरजेपुरती खरेदी करावी, यासाठीही तो पैसा असतो. मग केली का नाही? जुने वैद्यकीय अधिकारी बदलून गेले होते, नवे प्रभारी होते, आणि बँकेतली सहीच बदललेली नव्हती! बरे, सही बदलली असती तरी नव्या अधिकाऱ्यांना धास्ती होती की खर्च केला आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर पगारातून वसुली होईल. त्यापेक्षा पैसा खात्यात बरा. चोरी कोणीच केली नव्हती. हिशेब चोख होता. त्या केंद्राचे नाव मी घेत नाही. नाव घेतले तर तुम्ही म्हणाल, हं, ते तसलेच आहे, आणि आपल्या गावच्या केंद्राकडे बघायचे राहून जाईल.

आता हा पैसा येतो कुठून ते पाहू.

आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा विषय राज्यांच्या यादीत घातला आहे. म्हणजे मुख्य जबाबदारी राज्य सरकारची. प्राथमिक आरोग्य केंद्र ही कल्पना मात्र त्याआधीची, १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालातली. या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले गृहस्थ, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे सूत्र. १९५२ साली सामूहिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीनंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि गावपातळीवरचे आरोग्य त्यांच्याकडे आले. आजही तीच घडी आहे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय आणि जिल्ह्याचे सामान्य रुग्णालय राज्य सरकारचे. तक्रार कुठे करायची हे कळण्यासाठी एवढे ठाऊक असलेले बरे. ग्रामीण रुग्णालयाची तक्रार घेऊन लोक जिल्हा परिषदेत जातात आणि दिवस वाया घालवून परत येतात.

सर्वसाधारण प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक आणि डोंगरी वा आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक केंद्र असावे, असा दंडक आहे. उपकेंद्र पाच हजारांमागे, डोंगरी भागात तीन हजारांमागे. आपल्या गावाला लागू करून पाहा.

२००५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले. आशाताई आपल्या दारात आल्या त्या या अभियानामुळे. पहिली दोन वर्षे सगळा भार केंद्राने उचलला. २००७ नंतर शंभरातले पंच्याऐंशी रुपये केंद्राचे आणि पंधरा राज्याचे असे झाले, २०१२ नंतर पंच्याहत्तर-पंचवीस, आणि २०१५-१६ पासून साठ-चाळीस. हा पैसा २०१४ पासून राज्याच्या तिजोरीतून पुढे सरकू लागला. तिथून राज्य आरोग्य सोसायटीकडे, तिथून जिल्ह्याला, मग तालुक्याला, मग केंद्राला. तुमच्यापैकी ज्यांची शेती पाटाच्या टोकाला आहे त्यांना मी अधिक सांगायला नको. वरचे भिजतात, टोकाचा वाट पाहतो. आणि पाणी येते ते कधी? पिकाला हवे तेव्हा नव्हे, सुटेल तेव्हा. आरोग्याचा पैसाही पुष्कळदा असाच वर्षाच्या शेवटी येतो, आणि मग मार्चअखेरची धांदल उडते. जूनमध्ये हवी असलेली जंतुनाशक पावडर मार्चमध्ये विकत घेतलेली मी स्वतः पाहिली आहे.

एकूण खर्च तरी पुरेसा आहे का? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले होते की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा. २०२१-२२ सालच्या सरकारी आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के दिसतो, आणि ते करोनाचे साल होते. त्याच लेख्यांप्रमाणे देशातल्या आरोग्याच्या एकूण खर्चातले शंभरापैकी सुमारे एकोणचाळीस रुपये लोक थेट आपल्या खिशातून देतात. २०१३-१४ साली हाच आकडा चौसष्ट होता. म्हणजे सुधारणा झाली, हे मान्य करू. पण हे एकोणचाळीस रुपये कोणी सावकाराकडून आणले, कोणी म्हैस विकून आणले, ते लेख्यात दिसत नाही.

पैसा कमी आहे हे रडगाणे मी आज फार लांबवणार नाही. आहे तो पैसा कुठे जातो आणि कोण बघतो, हा आजचा प्रश्न.

रुग्ण कल्याण समितीची गोष्ट मोठी रंजक आहे. ती जन्मली इंदूरला, होळकरांच्या इंदुरात. १९९४ साली सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला तेव्हा इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांनी उच्छाद मांडला होता. रुग्णांना हलवून, सबंध इमारत रिकामी करून ती साफ करावी लागली. लोकांनी वर्गण्या दिल्या, श्रमदान केले. मग प्रश्न पडला की पुन्हा घाण होऊ नये म्हणून रोजचे कोणी बघायचे? एक दिवा गेला तर वरून मंजुरी यायला महिने लागतात. म्हणून स्थानिक समिती नेमावी, तिच्या हाती थोडा पैसा द्यावा, आणि तिने तिथल्या तिथे निर्णय करावा, असे ठरले. ही कल्पना पुढे अभियानाने देशभर नेली. अभियानाच्या सुरुवातीच्या दंडकाप्रमाणे प्राथमिक केंद्राच्या समितीला वर्षाला एक लाख रुपये, शिवाय केंद्राला मुक्त निधी म्हणून पंचवीस हजार आणि देखभालीला पन्नास हजार. उपकेंद्राला मुक्त निधीचे दहा हजार. पुढे या रकमा आणि त्यांची मांडणी बदलत गेली, पण तत्त्व राहिले. 'मुक्त' याचा अर्थ वरून खर्चाची यादी येत नाही. गरज पाहून खालच्यांनी ठरवायचे.

यात एक बारीक गोम आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसे गेले. गरिबाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले, माझ्या मते आधीच व्हायला हवे होते. पण केसपेपरचा पैसा समितीकडे जमत असे. तो थांबल्यावर समितीचा सगळा भरवसा वरून येणाऱ्या अनुदानावर. म्हणून ते अनुदान वेळेवर येते की नाही, आणि आले तर खर्ची पडते की नाही, याकडे आता पूर्वीपेक्षा जास्त बारकाईने पाहिले पाहिजे.

गावातही एक समिती असते. नाव लांबलचक आहे, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिच्यात पंचायतीचे लोक, आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या बाया. तिला दंडकाप्रमाणे वर्षाला दहा हजार रुपये. दीड हजार वस्तीच्या गावात माणशी पावणेसात रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्याशा पैशाची कसली देखरेख, असे कोणी म्हणेल. आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातल्या मुलांनी एका गावी हा हिशेब विचारला. वहीत लिहिले होते, फवारणी पंप, एक. पंप कुठे आहे? कोणालाच सांगता येईना. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले, अमक्याच्या गोठ्यात बघा. पंप खरोखरच तिथे होता. त्या गृहस्थाने तो चोरला नव्हता. पंचायतीच्या खोलीला कुलूप नाही म्हणून सांभाळायला ठेवला होता, आणि ठेवलाच आहे तर आपल्या डाळिंबावर मारत होता. गटारावर फवारणी मात्र दोन वर्षे झाली नव्हती. आपल्याकडे म्हणतात ना, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. पण इथे दळणारी आंधळी नव्हती. तिने जात्याकडे पाठ फिरवली होती इतकेच.

आता सरकारी देखरेख होत नाही असे मात्र नाही. पुष्कळ होते. जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी असतात. स्थानिक निधी लेखापरीक्षा असते. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्याला भेट देते, तेव्हा कचेऱ्यांतून कशी पळापळ होते ते शिक्षक मंडळींना चांगले ठाऊक आहे. सगळ्यांच्या वर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, असे घटनेतच आहे. महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेवरचा असा एक अहवाल २०२४ साली विधिमंडळापुढे आला, आणि डॉक्टर-परिचारिकांच्या रिकाम्या जागांवर त्याने बोट ठेवले. हे सारे हवेच. पण लेखापरीक्षक काय पाहतो? पावती आहे का, ठराव आहे का, तीन दरपत्रके मागवली का. आत्या एक दिवसाआड गोळी घेते, हे त्याला कोणत्या पावतीत दिसणार? न झालेल्या खर्चाची पावतीच नसते. ते फक्त गावाला दिसते. आणि वरची देखरेख नुसती धाक दाखवणारी झाली, तर माझ्या आत्याच्या केंद्रासारखे होते. पैसा सुरक्षित राहतो, माणूस राहत नाही.

लोकांच्या वतीने बघणारे निवडून आलेले सभासदही असायला हवेत. २०२२ नंतर आपल्याकडच्या बऱ्याच जिल्हा परिषदांवर निवडणुका न झाल्यामुळे दीर्घकाळ प्रशासक होते. प्रशासक कार्यक्षम असतील, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. परंतु आरोग्याच्या सभेत उठून 'आमच्या गटातल्या केंद्रात डॉक्टर का नाही?' असे विचारणारा सभासदच नव्हता. या गोष्टीची चर्चा वर्तमानपत्रांत पक्षांच्या बेरजा-वजाबाक्यांच्या अंगाने झाली, दवाखान्याच्या अंगाने फारशी झालेली मला दिसली नाही.

दुसरीकडे काय करतात? तामिळनाडूचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथे १९९४ साली औषध खरेदीसाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे बांधली. खरेदी केलेल्या प्रत्येक खेपेतला नमुना तपासून आल्यावाचून औषध दवाखान्यात जात नाही. आणि गंमत म्हणजे प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक दिले, तुमच्या सोसायटीच्या पासबुकासारखेच. वर्षाला तुमच्या नावे इतक्या रकमेची औषधे. जशी लागतील तशी गोदामातून उचला, पुस्तकात नोंद करा. यामुळे झाले काय, की कोणत्या दवाखान्यात कोणते औषध खपते हे कळू लागले, आणि वरून नको ती औषधे ढकलण्याला आळा बसला. आपल्याकडे औषध खरेदीचे काम २०१७ साली हाफकिनकडे गेले आणि २०२३ साली कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण काढण्यात आले. दर वेळी व्यवस्था बदलताना मधल्या काळात खालच्या कपाटात काय उरते, हे विचारण्याचा आपला हक्क आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रानेही एक चांगले काम केले आहे, ते सांगितलेच पाहिजे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, अशा पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनीच आपल्या केंद्राचे प्रगतिपुस्तक भरायचे. परिचारिका येते का, औषध मिळते का, कोणी पैसे मागते का. चांगले, बरे, वाईट असे शेरे. मग जनसुनवाई भरायची. एका बाजूला गावचे लोक, दुसऱ्या बाजूला अधिकारी, आणि मधे ते प्रगतिपुस्तक. गुरुजी मंडळी आजवर मुलांना प्रगतिपुस्तक देत आली. इथे मुलांच्या आयांनी दवाखान्याला दिले. सुरुवातीला अधिकारी चिडत. पुढे काहींच्या ध्यानात आले की आपण वर्षानुवर्षे वर जे मागत होतो, इमारत, पाणी, माणसे, तेच लोकही मागताहेत, आणि लोकांनी मागितले की लवकर मिळते.

निराधारांच्या अनुदानाचेही असेच आहे. संजय गांधी निराधार योजना १९८० सालची. २०२३ साली तिची रक्कम महिना हजारावरून दीड हजार झाली. दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वेळेत पोचला नाही म्हणून जिवंत माणसाचे अनुदान थांबते, आणि ते माणूस बहुधा तेच असते ज्याला तालुक्याला जायला कोणी नाही. तुमच्या आळीत अशा कितीजणी आहेत हे तहसीलदारांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

शिक्षक बंधू-भगिनींना एक सुचवतो. सातवी-आठवीच्या गणिताच्या तासाला भागाकारासाठी पुस्तकातली उदाहरणे असतातच. एखाद्या दिवशी गावाच्या आरोग्य समितीचा खर्च फळ्यावर लिहा. मुलांना माणशी किती ते काढू द्या. मुले संध्याकाळी घरी जाऊन विचारतील, आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला राजकारण म्हणता येत नाही.

बाकीच्यांनी काय विचारायचे? ग्रामसभा भरते, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला तर बहुतेक गावांत भरतेच. तिथे उभे राहून एवढेच विचारा की आपल्या गावच्या आणि आपल्या केंद्राच्या आरोग्य समितीच्या खात्यात आज शिल्लक किती आहे, शेवटची सभा कधी झाली, आणि शेवटचा खर्च कशावर झाला. आवाज चढवू नका. चढलेल्या आवाजाला उत्तर न देण्याची सोय असते. उत्तर मिळाले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. एका विषयावर दीडशे शब्दांच्या आत अर्ज, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक. अर्जात रागाचे कारण लिहू नका. माहिती का हवी हे सांगण्याची गरजच नाही.

माझ्या आतेभावाने असा अर्ज केला नाही. तो भित्रा आहे, शिवाय त्याच अधिकाऱ्यांकडे आईला न्यायचे असते. त्याने १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नुसते विचारले, "आपल्या केंद्राच्या खात्यावर सही कोणाची चालते हो?" सभेत कोणालाच माहीत नव्हते. सरपंचबाई म्हणाल्या, मी विचारून सांगते. त्यांनी खरोखरच विचारले. दोन आठवड्यांनी बँकेत नवीन सही गेली. त्या महिन्यात समितीची सभा झाली, ती किती दिवसांनी झाली ते वहीवरूनच कळले. आधीच्या सभेची तारीख दीड वर्षापूर्वीची होती. ठराव झाला, गोळ्या आल्या.

परवा आत्याला फोन केला तेव्हा गोळ्या मिळताहेत का, असे विचारले. म्हणाली, "मिळतात. रोज घेते. पण तू तिकडं रेडिओवर माझं काही सांगू नकोस." मी तिचे नाव सांगितलेले नाही.